हात धुण्याचा आग्रह : डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांचे जीवनकार्य

तथागत भगवान बुद्ध, महात्मा जोतीराव फुले, क्रांतिज्योती सावित्रीबाई आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या कार्याचे स्मरण आपण प्रत्येक प्रसंगी करतो आणि ते यथोचितच आहे. या लेखात मात्र आम्ही एका परदेशी वैद्याचे चरित्र सांगणार आहोत. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना त्यांचे नाव ठाऊक असते. इतरांच्या कानांवर ते क्वचितच पडते. तरीही शौचालयातून बाहेर येऊन साबणाने हात धुणारे प्रत्येक मूल त्यांच्या शिकवणुकीचा लाभ घेत असते. डॉ. इग्नाझ सेमेलवाइस हे ते नाव होय. निवासी विद्यालयाच्या स्मरणिकेत या चरित्राला स्थान कशासाठी, असे कोणी विचारील. जेथे शेकडो मुले एका छपराखाली राहतात, एकाच शौचालयाची कडी उघडतात, एकाच नळाची तोटी फिरवितात आणि एकाच पंगतीला जेवावयास बसतात, तेथे एकाच्या हाताची स्वच्छता ही सर्वांच्या प्रकृतीची बाब असते. ही गोष्ट आकड्यांनी सिद्ध करून दाखविण्यासाठी या पुरुषाने आपले आयुष्य वेचले आणि त्याचे मोलही त्यांनाच चुकवावे लागले.

सेमेलवाइस यांचा जन्म १ जुलै १८१८ रोजी हंगेरीतील बुडा या नगरात झाला. डॅन्यूब नदीच्या एका तीरावर बुडा आणि दुसऱ्या तीरावर पेस्ट अशी ही जोडनगरे १८७३ मध्ये एकत्र होऊन बुडापेस्ट हे शहर उदयास आले. त्यांचे वडील किराणा मालाचे व्यापारी होते. दहा भावंडांत इग्नाझ पाचवे. घरची स्थिती सुखवस्तू असल्याने कायद्याच्या शिक्षणासाठी १८३७ मध्ये ते व्हिएन्ना येथे गेले. हंगेरी त्या वेळी ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या अमलाखाली होता आणि व्हिएन्ना ही त्या साम्राज्याची राजधानी होती. परंतु कायद्यात त्यांचे मन रमले नाही. त्यांनी वैद्यकाची वाट धरली आणि १८४४ मध्ये ते वैद्यकाचे पदवीधर झाले.

व्हिएन्नाचे वैद्यकीय विद्यालय तेव्हा युरोपात अग्रगण्य मानले जाई. कार्ल रोकितान्स्की यांच्यासारखे आचार्य मृत रुग्णांचे शवविच्छेदन करून रोगाचे मूळ शोधण्याची पद्धत तेथे शिकवीत. योसेफ श्कोडा यांनी रोगनिदानाला काटेकोर तर्काची जोड दिली होती आणि त्वचारोगतज्ज्ञ फेर्डिनांड फॉन हेब्रा हे सेमेलवाइस यांचे स्नेही होते. ग्रंथात काय लिहिले आहे यापेक्षा प्रत्यक्षात काय दिसते याला महत्त्व देणारे हे वातावरण होते. तेथेच सेमेलवाइस यांच्या बुद्धीची घडण झाली. मात्र ज्या शवविच्छेदनगृहाने व्हिएन्नाला कीर्ती मिळवून दिली, तेथूनच मृत्यूही बाहेर पडत होता, याची त्या वेळी कोणालाच कल्पना नव्हती.

जुलै १८४६ मध्ये ते व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयातील पहिल्या प्रसूतिविभागात प्राध्यापक योहान क्लाइन यांचे साहाय्यक म्हणून रुजू झाले. या रुग्णालयात मुख्यतः निर्धन स्त्रिया बाळंतपणासाठी येत. त्यांत अविवाहित मातांची संख्या मोठी होती. त्यांना औषधोपचारासाठी पैसे द्यावे लागत नसत. त्याच्या मोबदल्यात विद्यार्थ्यांनी शिकण्यासाठी त्यांची तपासणी करावी, अशी व्यवस्था होती. श्रीमंतांच्या घरी बाळंतपणे घरातच होत. म्हणजे ज्यांना दुसरीकडे जावयास जागा नव्हती, अशाच स्त्रिया या दारातून आत येत असत.

रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. १८४० पासून पहिल्या विभागात डॉक्टर आणि वैद्यकाचे विद्यार्थी काम करीत, तर दुसऱ्या विभागात सुईणींना शिक्षण दिले जाई. स्त्रियांना आळीपाळीने एका दिवशी पहिल्या विभागात आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या विभागात दाखल करून घेत. इमारत एक, अन्न एक, उपचारांची रीतही जवळजवळ एकच. परंतु दोन्ही विभागांतील मृत्यूंत जमीन-अस्मानाचा फरक होता. १८४६ या एका वर्षात पहिल्या विभागात ४,०१० प्रसूती झाल्या आणि ४५९ माता दगावल्या. दुसऱ्या विभागात ३,७५४ प्रसूतींमागे १०५ माता दगावल्या. एकीकडे शंभरांत अकराहून अधिक, तर दुसरीकडे तीनांहून कमी. या मातांचा बळी सूतिकाज्वर घेत असे. बाळंतपणानंतर एकदोन दिवसांत अंगात ताप भरे, थंडी वाजे, पोट फुगून असह्य वेदना होत आणि थोड्याच दिवसांत मृत्यू येई. पुष्कळदा तान्हे बाळही मातेच्या मागोमाग जाई.

शहरातील गोरगरीब स्त्रियांना हे आकडे ठाऊक नसले तरी त्यांमागील वास्तव पक्के ठाऊक होते. आपली पाळी पहिल्या विभागाच्या दिवशी आली की त्या डॉक्टरांचे पाय धरून दुसऱ्या विभागात पाठविण्याची विनवणी करीत. कित्येकजणी रुग्णालयाच्या वाटेवरच बाळंत होत आणि नंतर दाखल होत. रस्त्यात बाळंत झालेल्या या स्त्रियांना, कोणतीही सोय नसताना, सूतिकाज्वर सहसा होत नसे. ज्या ठिकाणी विद्वान डॉक्टरांचा हात लागतो तेथे मृत्यू, आणि जेथे तो लागत नाही तेथे जीवन, हे कोडे सेमेलवाइस यांना स्वस्थ बसू देईना.

त्या काळी रोगांची कारणे सांगताना दूषित हवा, ऋतुमान, ग्रहमान, स्त्रीचा स्वभाव किंवा तिचे भय यांकडे बोट दाखविले जाई. सेमेलवाइस यांनी यांपैकी एकेक कारण हाती घेऊन पारखून पाहिले. हवा दूषित असेल, तर ती दोन्ही विभागांत सारखीच असावयास हवी. गर्दीमुळे रोग होत असेल, तर स्त्रियांची धडपड दुसऱ्या विभागात जाण्यासाठी असल्याने गर्दी तेथेच अधिक होती. पहिल्या विभागात स्त्रियांना उताणे निजवून प्रसूती करीत आणि दुसऱ्या विभागात कुशीवर. त्यांनी पहिल्या विभागातही कुशीवर निजविण्याची रीत सुरू केली, पण मृत्यू थांबले नाहीत. मरणासन्न रुग्णाकडे जाणारा धर्मगुरू घंटा वाजवीत पहिल्या विभागातून जाई आणि त्या आवाजाने स्त्रिया भयभीत होतात, असेही म्हटले जाई. सेमेलवाइस यांनी त्या धर्मगुरूला घंटा न वाजविता आडवाटेने यावयास सांगितले; तरीही काही फरक पडला नाही. परंपरेने चालत आले म्हणून एकही कारण त्यांनी मानले नाही आणि मोठ्यांनी सांगितले म्हणूनही मानले नाही. पाहावे, ताडून घ्यावे आणि पटले तरच स्वीकारावे, ही दृष्टी कालामांना केलेल्या उपदेशातून आपल्याला परिचित आहे. या हंगेरियन वैद्याची रीत तिच्याशी जुळणारी होती.

मार्च १८४७ मध्ये ते व्हेनिसच्या प्रवासाहून परतले, तेव्हा एक दुःखद वार्ता त्यांची वाट पाहत होती. न्यायवैद्यकाचे प्राध्यापक आणि त्यांचे स्नेही याकोब कोलेच्का यांचे निधन झाले होते. शवविच्छेदन चालू असता एका विद्यार्थ्याच्या हातातील सुरी कोलेच्का यांच्या बोटाला लागली होती. त्या लहानशा जखमेतून त्यांच्या सर्व शरीरात विष भिनले. त्यांच्या शवविच्छेदनाचा वृत्तांत वाचताना सेमेलवाइस यांना धक्का बसला. कोलेच्का यांच्या देहात आढळलेल्या विकृती आणि सूतिकाज्वराने मेलेल्या स्त्रियांच्या देहांतील विकृती सारख्याच होत्या. मग रोगही एकच असला पाहिजे, आणि कारणही एकच. कोलेच्का यांच्या रक्तात प्रेताचे सूक्ष्म कण सुरीने नेऊन सोडले होते. पण बाळंतिणीच्या शरीरात ते कोणी नेले?

उत्तर समोरच होते. पहिल्या विभागातील डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी शवविच्छेदन करीत आणि तेथून सरळ प्रसूतिगृहात येऊन स्त्रियांची आतून तपासणी करीत. दुसऱ्या विभागातील सुईणींना शवविच्छेदन करावे लागत नसे. रस्त्यात बाळंत झालेल्या स्त्रीची अशी तपासणीच होत नसे. साऱ्या गाठी एका क्षणी सुटल्या. डॉक्टरांचे हातच मृत्यू वाहून नेत होते. त्या हातांत सेमेलवाइस यांचे स्वतःचे हातही होते. किंबहुना रोगाचे कारण शोधण्याच्या तळमळीने ते इतरांपेक्षा अधिक निष्ठेने रोज शवविच्छेदन करीत आले होते. आपल्यामुळे किती स्त्रिया अकाली गेल्या हे एक ईश्वरच जाणे, अशी कबुली त्यांनी पुढे आपल्या ग्रंथात उघडपणे दिली. आपला दोष पाहण्याचे हे धैर्य त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठी गोष्ट आहे, असे आम्हाला वाटते.

त्या काळचे डॉक्टर हात मुळीच धुत नसत असे नाही. ते साबणाने हात धुत, परंतु धुतल्यावरही हातांना प्रेताचा वास येत राही आणि त्यात कोणाला वावगे वाटत नसे. वास उरला आहे म्हणजे कणही उरले आहेत, असा सरळ तर्क सेमेलवाइस यांनी केला आणि तो वास घालविणारे द्रव्य शोधले. मे १८४७ च्या मध्यास त्यांनी प्रसूतिगृहात येणाऱ्या प्रत्येकाने क्लोरीनच्या पाण्यात हात धुतलेच पाहिजेत, असा नियम केला. पुढे खर्च कमी व्हावा म्हणून क्लोरीनयुक्त चुन्याचे, म्हणजे आज आपण जिला ब्लीचिंग पावडर म्हणतो तिचे, द्रावण वापरले जाऊ लागले.

परिणाम दिसावयास वर्ष लागले नाही. एप्रिल १८४७ मध्ये पहिल्या विभागात शंभरांत अठरा माता दगावल्या होत्या. जून महिन्यात हे प्रमाण दोनांच्या घरात आले आणि जुलैमध्ये एकाच्या घरात. १८४८ या संपूर्ण वर्षात पहिल्या विभागात ३,५५६ प्रसूतींमागे ४५ माता दगावल्या, म्हणजे शंभरांत सुमारे सव्वा. त्या वर्षी दोन महिने असे गेले की एकही माता या रोगाने दगावली नाही. नवे औषध सापडले नव्हते की नवे यंत्र आले नव्हते. दारात एक पात्र ठेवले होते आणि आत येणाऱ्याने त्यात हात धुवावयाचे होते, एवढेच.

या काळातील एक प्रसंग विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. ऑक्टोबर १८४७ मध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाने पीडित असलेल्या आणि स्राव होत असलेल्या एका स्त्रीला विभागातील पहिल्या खाटेवर ठेवण्यात आले होते. तपासणी तिच्यापासून सुरू होई. दारात क्लोरीनने धुतलेले हात तिला तपासल्यावर मात्र नुसत्या साबणाने धुतले जात आणि तेच हात पुढच्या खाटांकडे वळत. परिणामी तिच्याबरोबर प्रसूत झालेल्या बारा स्त्रियांपैकी अकरा दगावल्या. घाण केवळ प्रेताच्याच ठिकाणी असते असे नाही. जिवंत माणसाकडूनही ती हाताला लागते आणि पुढे जाते, हे या प्रसंगाने शिकविले. तेव्हापासून केवळ आत येतानाच नव्हे, तर प्रत्येक रुग्णाला तपासल्यानंतर हात धुण्याचा नियम झाला. सकाळी एकदा स्वच्छ झाले की दिवसभर स्वच्छ, ही समजूत त्यांनी मोडून काढली. हात जितक्या वेळा मळतो तितक्या वेळा तो धुवावा लागतो.

एवढा स्पष्ट पुरावा समोर असता वैद्यकविश्वाने या शोधाचे स्वागत केले असेल, असे वाचकांना वाटेल. घडले ते विपरीत. श्कोडा, रोकितान्स्की आणि हेब्रा या थोर शिक्षकांनी त्यांची बाजू उचलून धरली. हेब्रा यांनी वैद्यकीय नियतकालिकात त्यांच्या शोधाची वार्ता प्रसिद्ध केली. परंतु त्यांचे वरिष्ठ क्लाइन यांना ही गोष्ट रुचली नाही. १८४८ मध्ये व्हिएन्नात आणि हंगेरीत राज्यक्रांतीचा वणवा पेटला होता आणि त्याची धग विद्यापीठातील संबंधांनाही लागली. मार्च १८४९ मध्ये सेमेलवाइस यांची मुदत संपली आणि ती वाढवून देण्यात आली नाही. पुढे त्यांना अध्यापनाची परवानगी मिळाली, पण तीवर अशी बंधने घातली गेली की प्रत्यक्ष रुग्णांवर शिकविण्यास वाव उरला नाही. हा अवमान सहन न होऊन ऑक्टोबर १८५० मध्ये, स्नेह्यांचा निरोपही न घेता, त्यांनी व्हिएन्ना सोडले आणि ते पेस्टला परतले.

विरोधाची कारणे अनेक होती. रोगजंतूंचे शास्त्र अद्याप जन्मास आले नव्हते. डोळ्यांना न दिसणारा कण माणूस मारू शकतो हे पटणे कठीण होते. क्लोरीनच्या पाण्याने हातांची आग होई. स्वतः सेमेलवाइस यांनी आपले म्हणणे ग्रंथरूपाने मांडण्यास अनेक वर्षे विलंब केला, हेही खरे. पण सर्वांच्या मुळाशी एक मोठे कारण होते. हा सिद्धांत मान्य करणे म्हणजे आपल्याच हातांनी आपल्याच रुग्णांचा जीव घेतला, हे मान्य करणे होते. प्रतिष्ठित घराण्यातील, विद्यापीठाची पदवी धारण करणाऱ्या सद्गृहस्थाचा हात घाणेरडा असू शकतो, ही कल्पनाच त्या समाजाला असह्य होती. दोष गरीब बाईच्या रक्तात, तिच्या भयात, तिच्या वस्तीत शोधणे सोपे होते. तो स्वतःच्या बोटांवर शोधणे जड होते.

पेस्टमध्ये १८५१ पासून त्यांनी सेंट रोखुस रुग्णालयाच्या प्रसूतिविभागाचे काम विनावेतन सांभाळले. तेथे सुमारे सहा वर्षांत ९३३ प्रसूतींमागे केवळ ८ माता सूतिकाज्वराने दगावल्या. १८५५ मध्ये ते पेस्ट विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेथे त्यांचा झगडा हातांपुरता राहिला नाही. नीट न धुतलेल्या चादरी पुन्हा बाळंतिणींच्या अंगाखाली घातल्या जातात आणि त्यांतूनही रोग पसरतो, हे लक्षात येताच धुलाईच्या प्रश्नावरून त्यांनी अधिकाऱ्यांशी उघड वाद घातला. काटकसरीच्या नावाखाली स्वच्छता सोडली, तर ती काटकसर माणसांच्या जिवावर बेतते, हे त्यांना दिसत होते. १८५७ मध्ये त्यांचा मारिया वाइडेनहोफर यांच्याशी विवाह झाला. त्यांना पाच अपत्ये झाली. त्यांपैकी दोन बालपणीच गेली.

१८६१ मध्ये सूतिकाज्वराचे कारण, स्वरूप आणि प्रतिबंध यांवरील त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात वर्षावर्षांचे तक्ते होते, आकडे होते आणि प्रत्येक आक्षेपाचे खंडन होते. तरीही युरोपातील नामवंत प्राध्यापकांनी त्याकडे पाठ फिरविली. इकडे प्रसूतिगृहांत माता मरतच होत्या. सेमेलवाइस यांचा संयम सुटला. ज्यांनी त्यांचा सिद्धांत नाकारला, त्या प्राध्यापकांना त्यांनी अनावृत पत्रे लिहिली आणि हात न धुणे ही हत्याच आहे, असा जाहीर आरोप केला. या कठोर भाषेने शत्रू वाढले. सत्याला सौम्य वाणीची जोड असती तर ते लवकर पोहोचले असते, असे कोणी म्हणेल. सम्यक वाचेचे महत्त्व आम्हीही जाणतो. पण टाळता येण्याजोगे मरण रोज डोळ्यांसमोर पाहणाऱ्याच्या मनाची तडफडही आपण समजून घेतली पाहिजे.

१८६५ पर्यंत त्यांच्या वागण्यात मोठा बदल दिसू लागला होता. त्या वर्षीच्या जुलै अखेरीस, हेब्रा यांच्या भेटीचे निमित्त सांगून त्यांना व्हिएन्नास नेण्यात आले आणि तेथे मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. फसवणूक लक्षात येताच त्यांनी बाहेर पडण्याची धडपड केली. तेथील रखवालदारांनी त्यांना बळाने आवरले आणि मारहाण केली. अंगावरील जखमा चिघळल्या, रक्तात विष भिनले आणि १३ ऑगस्ट १८६५ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी, त्यांचा अंत झाला. ज्या रक्तदोषापासून मातांना वाचविण्यासाठी त्यांनी जन्म वेचला, त्याच दोषाने त्यांचाही घास घेतला.

त्यांच्या मृत्यूच्या आदल्याच दिवशी, १२ ऑगस्ट १८६५ रोजी, स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर नावाच्या शल्यविशारदाने पाय मोडलेल्या एका मुलाच्या जखमेवर कार्बोलिक ॲसिडची पट्टी बांधली आणि जंतुनाशक शस्त्रक्रियेच्या युगाला आरंभ झाला. पुढे १८७९ मध्ये लुई पाश्चर यांनी सूतिकाज्वराच्या रुग्णांत आढळणारे, साखळीच्या आकाराचे जंतू पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे दाखवून दिले. सेमेलवाइस ज्यांना प्रेताचे कण म्हणत होते, त्यांचे खरे रूप असे जगापुढे आले. आज बुडापेस्टमधील वैद्यकीय विद्यापीठ त्यांचेच नाव धारण करते, त्यांचे जन्मघर वैद्यकाच्या इतिहासाचे संग्रहालय झाले आहे आणि त्यांच्या शोधाच्या कागदपत्रांना युनेस्कोने २०१३ मध्ये जागतिक स्मृतिठेव्यात स्थान दिले आहे.

या चरित्रातून आपण काय घ्यावे? आमच्या मते त्यातील सार असे आहे : अस्वच्छता कोणाच्या जन्मात नसते, ती हाताला लागते, ती कोणाच्याही हाताला लागू शकते आणि धुतली असता कोणाच्याही हातावरून जाते. हे वाक्य आपल्या समाजाला केवळ आरोग्याचा धडा म्हणून वाचता येत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाड येथे बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा सनातन्यांना तळे बाटले असे वाटले आणि दही, दूध, शेण आणि गोमूत्र घातलेली १०८ मडकी मंत्रोच्चारात तळ्यात बुडवून त्यांनी ते शुद्ध केल्याचे मानले. माणसाच्या स्पर्शाने पाणी विटाळते, पण शेणाने शुद्ध होते, असा तो न्याय होता. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहाच्या दारातील पात्र याच्या नेमके उलट सांगत होते. तेथे जात, घराणे, पदवी विचारली जात नव्हती. हात तेवढा पाहिला जात होता. सोवळे माणसाला माणसापासून दूर ठेवते; स्वच्छता माणसाला माणसाजवळ निर्धास्तपणे बसू देते. या दोहोंतील भेद आपल्या मुलांना लहानपणीच कळला पाहिजे.

आपल्या धम्माच्या परंपरेत हा विचार परका नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात भिक्खूंच्या सामायिक शौचगृहाचे नियम सविस्तर दिले आहेत. आत जाण्यापूर्वी बाहेर उभे राहून खोकावे आणि आत कोणी असल्यास त्यानेही खोकून उत्तर द्यावे. जागा मळलेली दिसल्यास झाडून घ्यावी. पाण्याचे भांडे रिकामे झाले असल्यास भरून ठेवावे. इतक्या बारकाव्याने ते नियम सांगितले आहेत. त्यांतील एक नियम आम्हाला विशेष मोलाचा वाटतो. ज्येष्ठ भिक्खू आधी जात आणि नवखे ताटकळत राहून बेशुद्ध पडत, हे कळल्यावर भगवंतांनी तेथे ज्येष्ठतेचा मान बाजूला सारला आणि जो आधी येईल तो आधी जाईल, असा क्रम घालून दिला. अन्य ठिकाणी ज्येष्ठांना मान देणाऱ्या संघाने शौचगृहाच्या दारात सर्वांना समान केले. अतिसाराने पीडित होऊन आपल्याच मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला भगवंतांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी धुऊन काढले, ही कथाही विनयातीलच आहे.

सामायिक शौचालय हे आपल्या काळातील व्हिएन्नाचे प्रसूतिगृहच समजावे. अतिसार, विषमज्वर, कावीळ, जंत यांचा प्रवास बहुधा मळापासून हातापर्यंत आणि हातापासून तोंडापर्यंत होतो. शौचानंतर मळलेला हात प्रथम कडीला लागतो, मग नळाच्या तोटीला. हात धुऊन झाला की तोच स्वच्छ हात तोटी बंद करण्यासाठी पुन्हा तिलाच लागतो. म्हणून साबण लावलेल्या हाताने तोटीही धुवावी, मगच ती बंद करावी. नुसत्या पाण्याने भागत नाही. साबणाचा फेस हातावरील तेलकट थर सोडवितो आणि त्याबरोबर जंतू वाहून जातात. तळवे, हातांची मागील बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे आणि नखांच्या कडा निदान वीस सेकंद चोळाव्यात, नखे कापलेली असावीत आणि हात आपल्या स्वतःच्या कोरड्या रुमालाला पुसावेत. शौचानंतर आणि जेवणापूर्वी, दर वेळी. ब्लीचिंग पावडर ही फरशी आणि भांडे धुण्यासाठी ठेवावी. रोजच्या हातांना साबण पुरे.

परंतु नियम शिकवून जबाबदारी संपत नाही. सेमेलवाइस यांनी आधी पात्र दारात ठेवले आणि मग नियम केला. जेथे नळाला पाणी नाही, वडीजवळ साबण नाही म्हणजे साबणदाणी रिकामी आहे, दाराला कडी नाही आणि आत दिवा नाही, तेथे मुलांना स्वच्छतेचा उपदेश करणे व्यर्थ आहे. कडीविना शौचालय असले की मुली दिवसभर पाणी पिण्याचे टाळतात, हे अनेक पालकांना ठाऊक आहे. माजी विद्यार्थी आपल्या शाळेसाठी काही करू इच्छितात, तेव्हा कमान आणि कोनशिला यांआधी हात धुण्याच्या जागेचा विचार व्हावा, अशी आमची नम्र विनंती आहे. तसेच शौचालय स्वच्छ करणारी व्यक्ती हातमोजे आणि गमबूट यांविना काम करीत असेल, तर त्या संस्थेची स्वच्छता अपुरी आहे असेच म्हणावे लागेल. शतकानुशतके ज्या समाजावर इतरांची घाण उपसण्याचे काम लादले गेले, त्या समाजाच्या संस्थेत तरी हे काम कोणा एकाच्या माथी मारले जाऊ नये.

सेमेलवाइस यांनी वाचविलेल्या स्त्रियांची नावे इतिहासाने नोंदविली नाहीत. त्या गरीब होत्या. बाळाला घेऊन रुग्णालयाच्या दारातून बाहेर पडल्या आणि आपापल्या वस्तीत निघून गेल्या. त्या जिवंत राहिल्या, एवढेच त्या वैद्याला हवे होते. आपल्या विद्यालयांतील मुलामुलींनी जेवणाच्या घंटेपूर्वी रांगेत उभे राहून, लहानमोठा हा भेद न करता, एकामागून एक हात धुवावेत, हीच डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांना खरी आदरांजली ठरेल. त्यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.